मामाची माघार

कूलरमध्ये सालातलं पहिलं पाणी ओतलं की जो वास सुटतो तो पुष्कळांना आवडतो. मला त्या वासाची शिसारी येते. वर्षभर गच्चीवर पडलेला पत्रा, कोपऱ्यात राहून गेलेलं मागच्या सालचं कुजकं गवत, तळाशी हिरवट गाळ आणि या सगळ्यावर नव्या गवती ताट्यांचा ओला दर्प. यंदाही एप्रिल लागला, अमरावतीत राजापेठेतल्या आमच्या घरी कूलर खाली आला, बायकोनं नळी सोडली, मोटर घरघरली आणि तो गारवा थेट तोंडावर आला. मी उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. बायको म्हणाली, "दरसाली तुमाले काय होते जी? लोकं कूलरसमोर जागा धरतेत, अन् तुमी पळता." मी म्हटलं, डोकं चढतं. लग्नाला सात वर्षं झाली, तिला खरं कारण अजून सांगितलेलं नाही.

कारण असं की तो वास मला बारा वर्षांमागच्या एका उन्हाळ्यात नेऊन बसवतो, अकोल्याला, ताईच्या घरी. तिथे बावीस वर्षांचा एक पोरगा कूलरसमोर पाय पसरून बसलेला दिसतो आणि त्याचा मला मनापासून तिटकारा आहे. तो मीच.

अकोल्याचा मे महिना म्हणजे सकाळी दहाला दारं लावून घ्यायची, खिडकीला ओली चादर टांगायची आणि दिवस कलेपर्यंत त्या अंधाऱ्या, दमट खोलीत एकमेकांचे उच्छ्वास घ्यायचे. जेवण झाल्यावर उचलायची राहिलेली रसाची ताटं, त्यावर माश्या. गादीला घामाचा आंबूस वास. मोबाइलच्या काचेवर अंगठ्यांचे चिकट ठसे. घाम सगळ्यांत आधी अंगठ्यांना येतो हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. रुमालानं काच पुसावी तर दोन मिनिटांत पुन्हा बरबटायची.

ताई माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. तिची मुलगी रेणू माझ्याहून फक्त चार वर्षांनी लहान. नात्यानं मी मामा, एरवी आम्ही बरोबरीचे. रेणूची बारावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता. मी इंजिनिअरिंगचे दोन विषय मागे टाकून आलो होतो आणि अभ्यासाला शांतता पाहिजे असं अमरावतीला सांगून निघालो होतो. शांतता भरपूर मिळाली. त्या शांततेत आम्ही दोघं दिवसभर राक्षस लढवत होतो.

खेळ मोबाइलवरचा. शेकडो राक्षस असतात, त्यांतले सहा आपण निवडायचे, तो आपला संघ. समोरच्याचेही सहा. एका वेळी दोघांचा एकेक राक्षस मैदानात. प्रत्येक चालीला एक तर वार करायचा, नाही तर मैदानातला राक्षस मागे घेऊन दुसरा पुढे करायचा. ज्याचे सहाही आधी संपतील तो हरला. प्रत्येक राक्षसाचं एक तत्त्व असतं, आग, पाणी, माती, वीज, विष वगैरे, आणि प्रत्येक तत्त्व कोणाला तरी भारी पडतं आणि कोणापुढे तरी लंगडं. विजेचा मातीवर काही परिणाम होत नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुढचं समजेल.

राक्षसांची मूळ नावं परदेशी होती आणि ती उच्चारताना जीभ वळायची नाही. अकोल्याच्या पोट्ट्यांनी त्यांना आपली नावं दिली होती. विजेचा होता तो डीपी, कारण आमच्याकडे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरला सगळे डीपीच म्हणतात आणि तोही असाच ठिणग्या टाकत उभा असायचा. विषारी अळीसारखा होता तो बोंडअळी. काळ्या मातीचा गोळा, जागचा न हलणारा, तो ढेकूळ. आणि एक होता लिबलिबीत, पारदर्शक, ज्याला वार करताच यायचा नाही. तो फक्त आपल्या बाजूच्यांचं विष उतरवायचा, जखमा भरायचा. त्याचं नाव सलाईन. सलाईनला पोट्टे हसायचे.

या पोट्ट्यांचा अड्डा सलीमभाईंकडे. सलीमभाईंचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आणि वर एक पत्र्याचा हॉल. तिथं पंचवीस-तीस जणं घामेजून, एकमेकांना टेकून बसलेली असायची. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्यांनी जिन्याचा कोपरा लाल झालेला. तिथे मी नाकाला रुमाल लावायचो आणि तरी रोज जायचो. प्रत्येकाच्या संघात तेच सहा राक्षस, सगळे मारणारे. कोणी तरी इंटरनेटवर पाहिलेलं, ते दुसऱ्यानं उचललेलं, दुसऱ्याचं तिसऱ्यानं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "अबे, मारलं का मेला पाहिजे, बाकी डोकं कायले लावतं?" वीट यायचा ते ऐकून. पण खरं सांगायचं तर अकोल्याला आलो तेव्हा माझाही संघ तसाच होता.

तो रेणूनं मोडायला लावला. पहिल्याच दिवशी तिनं मला चार वेळा हरवलं आणि मग रसायनाची वही उलटी करून मागच्या कोऱ्या पानावर सहा गोल काढले. म्हणाली, "मामा, तुये साहीच्या साही एकाच गोष्टीले भेतेत. एक माती वाला आला का तुयं दुकान बंद. कोण कोणाचं दुखणं झेलन हे आधी पाहाय, मंग कोण मारन ते पाहाय." तिनं गोलांमधून बाण काढले. डीपीला मातीचं भय, म्हणून त्याच्या मागं उडणारी भिंगरी, जिला मातीचा वार लागतच नाही. भिंगरी नाजूक, म्हणून तिच्या मागं ढेकूळ, जो चार फटके खाऊनही उभा राहतो. ढेकळाला विष चढतं, म्हणून सलाईन. समोरचा मैदानात काटे पसरवतो, म्हणून ते झाडणारा खराटा. मारणारे फक्त दोन, डीपी आणि बोंडअळी. मी म्हटलं, याच्यात जिंकायचं कसं? ती म्हणाली, "आपण नाई जिंकत. तो हारते. त्याले घाई असते ना."

संघ जुळवणं म्हणजे काय हे मला त्या पानावर कळलं. नंतर मी ते पान कित्येकांना समजावून सांगितलं, हॉलमध्ये, कॉलेजात, पुढे नोकरीत एका सहकाऱ्याला. प्रत्येक वेळी 'मी काढलेली पद्धत' म्हणून. हे आत्ता लिहितानाही तोंड कडू होतं.

मग सलीमभाईंनी स्पर्धा जाहीर केली. अकोल्यातून एकजण निवडायचा, तो जूनच्या आधी नागपूरला विदर्भाच्या फेरीत जाणार. रेणूला खेळायचं होतं. रात्रीच्या जेवणात तिनं भाऊजींसमोर विषय काढला. भाऊजी सरकारी नोकरीतले, स्वभावानं वाईट नाहीत, आवाजही कधी चढवत नाहीत. ते म्हणाले, "तठी त्या पोट्ट्याइच्या गर्दीत तू काय करशीन बेटा?"

"मामा आहे ना संगं."

"अन् जिंकली तं नागपूरले कोण जाईन?"

"मीच. सकाळच्या गाडीनं जातो, संध्याकाळी येतो."

भाऊजी हसले. "बरं, खरंच जिंकली तं जाय. मी सोता गाडीत बसवून देईन."

ताट घासायला नेताना रेणू मला हळूच म्हणाली, "मामा, एक डाव एकटी नागपूरले जाऊन आली ना, का मंग बाबा हॉस्टेललेही हो म्हणतीन. पाहाय तू." तिला नागपूरला शिकायचं होतं, संख्याशास्त्र. अकोल्यात राहून जे मिळेल ते घेणार नाही, असं तिनं माझ्याजवळ कैकदा बोलून दाखवलं होतं. खेळ, नागपूर आणि हॉस्टेल ही तिनं मनात लावलेली साखळी होती आणि मला ती पूर्ण ठाऊक होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला कोणी अजाण समजू नये.

इथे आमच्या वऱ्हाडातली एक चाल सांगायला हवी. आमच्याकडे भाचीचा मान फार. सणावाराला, लग्नकार्यात मामा भाचीच्या पाया पडतो, ती पाळण्यातली का असेना. भाचीनं मामाच्या पाया पडायचं नाही. पडू लागली तर मामा मागे सरकतो, त्याला दोष लागतो. मामानं भाचीवर हात उचलला तर म्हातारपणी त्याचे हात थरथर कापतात, असंही बायका सांगतात. पुण्याच्या मित्रांना सांगितलं की त्यांना मोठी मौज वाटते. मलाही ही चाल फार गोड वाटायची. जिच्या पाया पडायचं तिला काही विचारावं लागत नाही, हा त्या चालीतला फायदा माझ्या पुष्कळ नंतर लक्षात आला.

स्पर्धेच्या दिवशी हॉलमध्ये पत्रा तापलेला. अत्तर, घाम, तळलेल्या भज्यांचा वास, सगळं एकत्र. मुलगी एकटी रेणूच. एक-दोघांनी तिच्याकडे बघून शेरे मारले, तेव्हा सलीमभाईंनी त्यांना नुसतं नावानं हाक मारली आणि ते गप्प झाले. रेणू एकेकाला हरवत गेली. घाई असलेले, मारणारे, सहा-सहा आग्यावेताळ घेऊन आलेले, सगळे तिच्या ढेकळावर डोकं आपटून संपले. हरल्यावर एकजण म्हणाला, "हे काय खेळणं आहे का? नुसती बसून राह्यते." मीही जिंकत गेलो, तिच्याच पद्धतीनं. शेवटच्या सामन्याला आम्ही दोघं समोरासमोर आलो.

त्या सामन्याला बसण्याआधी मी एक गोष्ट केली होती. सलाईन काढून त्याच्या जागी आणखी एक मारणारा घातला होता. हॉलमधली पोट्टी सलाईनला हसतात, आणि अंतिम सामन्यात आपल्या संघात तो लिबलिबीत प्राणी दिसावा याची मला लाज वाटली होती. सामन्याआधी दोघांचे सहा पडद्यावर दिसतात. रेणूनं माझे पाहिले आणि मान वर करून विचारलं, "मामा, सलाईन काढलं?" तिच्या आवाजात आनंद नव्हता, काळजी होती. मी म्हटलं, तू तुझं पाहा.

तिनं तिचं पाहिलं. बोंडअळी पुढे केली आणि घाई न करता माझ्या एकेकाला विष चढवत गेली. विष चढलं की प्रत्येक चालीला राक्षस थोडा थोडा खचतो, दुसऱ्यानं मारलं नाही तरी. मी मारत होतो, तिचे पाडतही होतो. बघणाऱ्यांना मी जोरात वाटत होतो. एका क्षणी माझे तीन उरले होते आणि तिचे दोन. तिचे दोन म्हणजे बोंडअळी आणि एक धडधाकट ढेकूळ. माझे तीन म्हणजे भिंगरी आणि ढेकूळ, दोघांनाही विष चढलेलं, आणि डीपी. डीपीची वीज तिच्या ढेकळावर चालणार नव्हती. विष उतरवायला सलाईन नव्हतं. तिला आता काहीच करायचं नव्हतं, ढेकूळ पुढे करून बसून राहायचं होतं. तीन चालींत माझे दोघं आपोआप गळून पडणार होते आणि डीपी एकटा ठिणग्या टाकत मरणार होता.

मागे उभे असलेले ओरडत होते, "मामा, मार आता, संपव." त्यांच्या लेखी तीन म्हणजे दोनाहून जास्त. त्या हॉलमध्ये मी हरलो आहे हे फक्त दोघांना कळलं होतं. मी मान वर केली. रेणू माझ्याकडेच बघत होती, शांत, पुढच्या चालीची वाट पाहत.

मी मोबाइल मांडीवर ठेवला, एक हसू तोंडावर आणलं आणि माघारीचं बटण दाबलं. पडद्यावर तिचा विजय उमटला.

क्षणभर कोणाला काही समजलं नाही. मग कोणीतरी विचारलं, "सोडून देल्लं का बे?" आणि मी म्हणालो, "भाची आहे ना. भाचीले कायले मारू?"

काय हशा झाला त्यावर. टाळ्या पडल्या. ज्या पोट्ट्यांच्या तोंडाची मला किळस यायची त्यांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. "मामा असावा तं असा." रेणू जिंकल्याचं कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. तिनं एकदाच म्हटलं, "अजून तीन चाली होत्या," पण ते त्या गोंधळात कोण ऐकतो. सलीमभाई मात्र हसले नाहीत. ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "क्यों छोड़ा?" मी पुन्हा तेच सांगितलं, भाची आहे, भाई. ते म्हणाले, "भांजी घर में होगी. यहाँ तो खिलाड़ी थी." आणि नागपूरच्या यादीत त्यांनी रेणूचं नाव घातलं.

ते नाव टिकलं असतं, घरी भाऊजींनी विचारलं नसतं तर. पण बातमी आमच्या आधी घरी पोहोचली होती. भाऊजी खुशीत होते. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि ताईला म्हणाले, "पाहाय तुया भाऊ. जिंकत होता, भाचीसाठी सोडून देल्लं."

रेणू दारातच उभी राहिली. "बाबा, तो जिंकत नोयता. तीन चालीत संपला असता."

"बेटा, त्याच्याजवळ किती राह्यले होते?"

"तीन. पण त्याईत..."

"अन् तुयाजवळ?"

"दोन. पण बाबा, मोजून नाई पाहाचं ते."

"मंग कसं पाहाचं?" भाऊजी प्रेमानंच हसले. रेणूनं वही आणली. गोल काढले, बाण काढले, विष समजावलं, सलाईन समजावलं. भाऊजी मान हलवत राहिले, जसं लहान मुलाचं चित्र बघताना हलवतात. शेवटी ते माझ्याकडे वळले. "तूच सांग रे. खरं काय?"

कूलर समोर चालू होता. तोच वास. रेणू माझ्याकडे बघत होती, तिच्या हातात पेन होतं. मला एवढंच म्हणायचं होतं की भाऊजी, मी हरलो. दोन शब्द. मी म्हणालो, "जाऊ द्या ना भाऊजी. भाची जिंकली, हेच खरं समजा."

'समजा' म्हणालो मी. खोटं बोललो असतो तरी परवडलं असतं. मी खोट्याला विनयाचा सदरा घालून पुढे केलं आणि त्या सदऱ्याचं कौतुकही करून घेतलं. रेणूनं पेन वहीत ठेवलं, वही मिटली आणि आतल्या खोलीत गेली. ती रडली वगैरे नाही. रडली असती तर मी कदाचित खरं बोललो असतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. तेही खरं नाही.

भाऊजींनी 'खरंच जिंकली तं' असा शब्द दिला होता आणि ते शब्दाला पक्के होते. खरंच जिंकली नव्हती, म्हणून प्रश्नच उरला नाही. त्यांनी सलीमभाईंना स्वतः जाऊन सांगितलं की मुलगी येणार नाही. दुसऱ्या नंबरावर मी होतो. सलीमभाईंनी मला एकदा विचारलं, "जाओगे?" मी हो म्हणालो. मी नाही म्हणू शकत होतो. कोणी आग्रह केला नव्हता.

नागपूरला मी दुसऱ्याच फेरीत हरलो. हरवणारी वर्ध्याची एक चष्मेवाली मुलगी होती, चौदा-पंधराची. तिची आई शेजारी खुर्ची टाकून बसली होती, रुमालानं वारा घालत, मधेमधे मुलीला पाणी देत. तिला खेळातलं काही कळत नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं. मुलगी जिंकल्यावर तिनं विचारलं, "झालं का? तू जिंकली का?" मुलगी म्हणाली हो, आणि आईनं तिचं म्हणणं लगेच खरं मानलं. परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत मला ते एवढंसं बोलणं डोक्यातून काढता आलं नाही.

रेणूनं त्यानंतर तो खेळ मोबाइलमधून काढून टाकला. हॉस्टेलचा विषय तिनं निकालानंतर काढला, भाऊजी म्हणाले, इथंच काय कमी आहे. तिनं अकोल्यातच पदवी घेतली. आता ती धामणगाव रेल्वेला असते, तिथल्या एका शाळेत गणित शिकवते, नवरा भला आहे, एक मुलगा आहे. तिचं वाटोळं झालं असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं झालं. तिचं चांगलंच चाललं आहे. फक्त ती ज्या एका वळणावरून स्वतःच्या पायांनी जाणार होती, तिथे मी हसत उभा राहिलो, एवढंच. आणि तिनं मला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही.

हे सगळं असंच आंबत राहिलं असतं. पण यंदा मे महिन्यात अकोल्याला भाऊजींच्या पुतण्याचं लग्न होतं. मांडवात उकाडा, कागदी फुलांवर धूळ, पनीरच्या भाजीवर तेलाचा बोटभर थर. मुलीकडच्या पाहुण्यांमध्ये भाऊजी बसले होते, मी ताट घेऊन जवळ गेलो तर त्यांनी हात धरून बसवलं आणि पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली. मामा-भाचीची स्पर्धा, तीन आणि दोन, सोडून दिलं. बारा वर्षांत ती गोष्ट चांगलीच पुष्ट झाली आहे. आता तिच्यात माझे पाच उरलेले असतात आणि रेणूचा एक. पाहुणे वा वा म्हणाले. तेवढ्यात रेणू तिच्या मुलाला शोधत तिथे आली. एका पाहुण्यानं तिला हसत विचारलं, "काय हो ताई, मामानं जिंकवलं म्हणते तुमाले?" रेणू म्हणाली, "हो, मामा लय चांगला आहे माया." तिचा आवाज अगदी साधा होता. तिनं मुलाचा हात धरला आणि गेली.  मी माझं ताट तसंच टाकून उठलो.

अमरावतीला परतल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी रेणूला फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं. सलाईन मी लाजेनं काढलं होतं, तीन चालींत मी संपणार होतो, ते दिसलं म्हणून सोडलं, मान वगैरे काही डोक्यात नव्हतं, तो नंतर तोंडातून निघाला, भाऊजींना मी खोटं सांगितलं, तुझी जागा घेतली.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग रेणू म्हणाली, "मामा, हे मले काहून सांगून राहिला? मी समोरच बसली होती ना. मले तं तुयाआधी दिसलं होतं."

मी म्हटलं, "मग कोणाले सांगू?"

"ज्याईले माईत नाई त्याईले सांग. बाबाले सांग." थांबून ती म्हणाली, "मी सांगतलं होतं तवा. तू एक डाव सांगून पाहाय."

मी फोन ठेवला आणि लगेच भाऊजींना लावला, थांबलो असतो तर पुन्हा बारा वर्षं गेली असती. म्हणालो, भाऊजी, एक सांगायचं आहे, मध्येच थांबवू नका. त्यांनी थांबवलं नाही. तीन चाली सांगितल्या, विष सांगितलं, सलाईन सांगितलं, तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोललो हेही सांगितलं. रेणू खरंच जिंकली होती. मी खरंच हरलो होतो.

  भाऊजींचा आवाज भरून आला.

"ऐकून राहिली का," त्यांनी तिकडं ताईला हाक मारली, "तुया भाऊ काय म्हणते पाहाय. बारा वर्षं झाले, अजूनही भाचीचा मान सोडत नाई. आता म्हणते, मी खरंच हारलो होतो."

"भाऊजी, मी खरंच..."

"समजलं रे बाप्पा, समजलं. तुयासारखा मामा भेटाले नशीब लागते." मग त्यांनी आवाज खाली घेतला. "पण हे रेणूजवळ नको बोलजो. साधी पोरगी आहे. तिले खरं वाटन."